समन्सापुढे मौन म्हणजे कबुली



सरकारी शिक्क्याचा कागद दारी आला म्हणजे आपल्या घरांत अजूनही दोनच गोष्टी घडतात. एक तर कागद आणणाऱ्या शिपायास पाहून दार लावून घेतले जाते. नाही तर सही करून घेतलेला कागद पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या दाखल्यांच्या खाली, जपून ठेवला जातो. पिढ्यान्‌पिढ्या कचेरीचा कागद आपल्याकडे आला तो काही तरी हिरावून नेण्यासाठीच आला. तेव्हा ही भीती कोठून आली हे आम्ही जाणतो. परंतु भीतीचे कारण समजले म्हणून तिच्यापासून होणारी हानी टळत नाही. आज आम्हांस एका विशिष्ट कागदाविषयी स्पष्ट बोलावयाचे आहे. तो कागद म्हणजे लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर घेतलेले राहते घर परत मागणाऱ्या अर्जाचे समन्स. त्यास तीस दिवसांच्या आत शपथेवर उत्तर दिले नाही, तर घरमालकाने जे जे लिहिले ते सर्व तुम्ही कबूल केले, असे कायदा धरून चालतो. आणि तुमचा एक शब्दही न ऐकता घर खाली करण्याचा हुकूम होतो.

काही काळापूर्वी एक कुटुंब आमच्याकडे आले. पती टेम्पो चालवितो, पत्नी एका रुग्णालयात आया आहे, थोरली मुलगी दहावीला होती. मुंबईतील एका जुन्या चाळीतली खोली त्यांनी अकरा महिन्यांच्या करारावर घेतली होती. मुदत संपल्यावरही काही महिने पैसे घेणे चालू राहिले, आणि मग एके दिवशी समन्स आले. "तारीख पडेल तेव्हा जाऊ, साहेबांसमोर हात जोडून सर्व सांगू," असे त्यांनी ठरविले. आमच्याकडे ते आले तेव्हा समन्स हाती पडून एक्केचाळीस दिवस झाले होते. कागद चाळता चाळता आमच्या दृष्टीस जे पडले त्याने आमच्या मनास फार यातना झाल्या. ज्या गृहस्थाने स्वतःस मालक म्हणवून अर्ज केला होता, तो त्या खोलीचा मालक नव्हताच. तो स्वतः पागडीने राहणारा भाडेकरू होता. खऱ्या मालकाने त्याच्या नावे दिलेल्या भाडेपावतीची नक्कल या कुटुंबाच्या पेटीतच होती. कायद्याच्या २४ व्या कलमाखालील स्पष्टीकरणात म्हटले आहे की, स्वतः भाडेकरू किंवा पोटभाडेकरू असून ज्याने जागा परवान्यावर दिली, असा मनुष्य या कलमापुरता 'घरमालक' होत नाही. एवढी एक गोष्ट शपथेवर, मुदतीत सांगितली असती तर तो अर्ज उभा राहणे कठीण होते. उत्तर घरात होते. ते कचेरीत पोहोचले नाही. हुकूम झाला. पुढे आम्ही पुनरीक्षणाचा अर्ज मुदतीत केला. पण तोवर ताबा गेला होता, आणि त्या मुलीने दहावीचा अभ्यास मावशीच्या स्वयंपाकघरात बसून केला.

असे पुन्हा कोणाच्या घरी घडू नये, यास्तव हा कायदा काय आहे ते समजावून घेऊ.

महाराष्ट्रात दुसऱ्याच्या घरात पैसे देऊन राहण्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक भाडेकरूचा आणि दुसरा लायसन्सीचा, म्हणजे परवानाधारकाचा. भाडेकरूस जागेत हक्क मिळतो. परवानाधारकास ठराविक मुदतीपुरती राहण्याची केवळ मोकळीक मिळते. बोलताना आपण दोघांच्याही पैशास 'भाडे'च म्हणतो, आणि येथेच घोटाळा होतो. शेजारचा वृद्ध भाडेकरू सांगतो, "माझा दावा वीस वर्षे चालला, तुला कोण काढतो?" त्याचे सांगणे त्याच्यापुरते खरे असेल. तुमच्या करारावर जर 'लीव्ह अँड लायसन्स' असे लिहिले असेल, तर त्याची वीस वर्षे तुमच्या कामाची नाहीत.

हा फरक कसा उत्पन्न झाला हेही पाहावे. मुंबई इलाख्यात १९४७ चा भाडे नियंत्रणाचा कायदा होता, विदर्भात १९४९ चा आदेश होता आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा होता. या कायद्यांनी भाडेकरूस मोठे संरक्षण दिले. मुंबईच्या कायद्यात तर अशी दुरुस्ती झाली की, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कोणी चालू कराराने परवान्यावर राहत होते, त्यांनाही भाडेकरू मानले गेले. ज्यांस संरक्षण मिळाले त्यांचे कल्याण झाले. परंतु मालकवर्ग धास्तावला. आज परवान्यावर दिलेली जागा उद्या कायमची जाईल या धाकाने घरे कुलुपात राहू लागली, आणि नवे घर शोधणाऱ्या गरिबास दार उघडेना. म्हणून १९८७ मध्ये दुरुस्ती करून परवान्याच्या जागेचा ताबा लवकर मिळण्याची निराळी वाट काढण्यात आली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला. ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला आणि वर सांगितलेल्या तिन्ही जुन्या कायद्यांची जागा त्याने घेतली. त्यात ही लवकरची वाट २४ व्या कलमात आणि आठव्या प्रकरणात कायम ठेवलेली आहे. त्या प्रकरणाचे नावच मुळी काही अर्जांचा संक्षिप्त निकाल असे आहे.

भाडेकरूची वाट कशी असते? भाडे थकले असे मालकाचे म्हणणे असेल, तर १५ व्या कलमाप्रमाणे त्यास आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. दावा केल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकलेली रक्कम दरसाल शेकडा १५ च्या सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय ठरवील तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्यास घराबाहेर काढता येत नाही. साक्षी होतात, उलटतपासणी होते, अपील होते. ही वाट लांब आहे, पण तीत श्वास घेण्यास जागा आहे.

परवानाधारकाची वाट याहून अगदी भिन्न आहे. मालक न्यायालयात दावा न लावता सक्षम प्राधिकारी या नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. अधिकारी ठराविक नमुन्यातले समन्स काढतो. ते हस्ते येते, रजिस्टर टपालानेही येते. ४३ व्या कलमाचा दंडक असा की, समन्स लागल्यापासून तीस दिवसांच्या आत तुम्ही प्रतिज्ञापत्र दाखल केले पाहिजे, त्यात आपल्या हरकतींची कारणे दिली पाहिजेत, आणि अर्जास विरोध करण्याची परवानगी मिळविली पाहिजे. ध्यानात घ्या, विरोध करण्याचा हक्क येथे आपोआप मिळत नाही. त्याची परवानगी मागावी लागते. प्रतिज्ञापत्रातील गोष्टी खऱ्या धरल्यास मालकास ताबा मिळू नये असे दिसत असेल, तर अधिकाऱ्याने परवानगी दिलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. परवानगी मिळाली म्हणजे लघुवाद न्यायालयाच्या पद्धतीने पुरावा घेऊन चौकशी होते आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाल होतो. परवानगी मागितलीच नाही, तर चौकशीचा प्रश्नच उरत नाही.

ही कल्पना आपल्या राज्यापुरती नाही. साक्षीपुराव्याचा पसारा तेव्हाच मांडावा, जेव्हा निकाल फिरविणाऱ्या एखाद्या गोष्टीविषयी खराखुरा वाद असेल. वादच नसेल तर पक्षकारांस वर्षानुवर्षे फिरविण्यात अर्थ नाही, असे तिचे तत्त्व आहे. इंग्लंडमध्ये १८५५ साली हुंड्यांच्या वसुलीसाठी असा संक्षिप्त मार्ग कायद्याने दिला. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ३७ व्या आदेशात काही पैशांच्या दाव्यांसाठी तोच मार्ग आहे, आणि तेथे मुदती दहा दहा दिवसांच्या आहेत. दिल्लीच्या भाडे कायद्यात १९७६ मध्ये घरमालकाच्या निकडीच्या प्रकरणांसाठी असाच मार्ग घातला गेला. तेथे परवानगी मागण्यास पंधराच दिवस आहेत. त्या पंधरा दिवसांनंतरचा उशीर माफ करण्याचा अधिकार भाडे नियंत्रकास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरविले. तो निकाल दिल्लीच्या कायद्यावरचा आहे. परंतु अशा कायद्यांत मुदतीकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे त्यावरून उमगावे. "आजारी होतो, गावी गेलो होतो, साहेब समजून घेतील," या भरवशावर कोणीही राहू नये.

मग हा कायदा अन्यायी आहे काय? आम्ही सरसकट तसे म्हणणार नाही. एखाद्या विधवेचे सारे उत्पन्न एका खोलीच्या भाड्यावर असते. मुदत संपल्यावरही राहणारा हलेना, तर तिने पंधरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात काय? आज आपल्यापैकीही काही कुटुंबांनी कष्टाने दुसरे घर घेतले आहे आणि ते परवान्यावर दिले आहे. त्यांनाही या कायद्याचा आधार आहे. आमचा आक्षेप वेगावर नाही. एवढ्या वेगाचा कायदा करताना दारी आलेला कागद प्रत्येकास वाचता येतो, समजतो आणि त्यावर तीस दिवसांत वकील गाठता येतो, असे गृहीत धरले गेले, त्यावर आमचा आक्षेप आहे. ज्याच्या घरात चार पिढ्या वकिली आहे त्यास तीस दिवस पुष्कळ होतात. ज्याच्या घरात पहिली पिढी आत्ता कोठे अक्षर ओळखू लागली, त्याचे पंधरा दिवस हा कागद कसला आहे हे विचारण्यातच जातात. कायदा बदलणे विधिमंडळाच्या हाती आहे. कागद वाचणे आपल्या हाती आहे.

आता प्रतिज्ञापत्रात काय लिहावे? येथेही आपली माणसे मोठी चूक करतात. ती आपले दुःख लिहितात. मुलांच्या शाळा आहेत, आई अंथरुणाला खिळली आहे, आम्ही दहा वर्षे भाडे वेळेवर दिले, रंगरंगोटीवर खर्च केला, डिपॉझिट परत मिळाले नाही. हे सर्व खरे असेल आणि माणुसकीच्या न्यायाने त्यास वजनही असेल. परंतु मुदत संपलेल्या परवान्यावर ताबा मिळू नये असे त्यातून सहसा निघत नाही. डिपॉझिटचा पैसा मागण्याचा मार्ग वेगळा आहे. अधिकाऱ्यापुढे वजन पडते ते अशा गोष्टींचे: अर्ज करणारा खरा मालक नाही, कराराची मुदत अजून संपलेली नाही किंवा नवा करार झालेला आहे, जागा राहण्यासाठी दिलेलीच नव्हती, करारावरील सही तुमची नाही, किंवा तुम्ही मुळात परवान्यावर नसून भाडेकरू आहात आणि तसे दाखविणारा कागद तुमच्यापाशी आहे. अशी प्रत्येक गोष्ट तारखेसह लिहावी आणि तिच्याखाली पुराव्याची नक्कल जोडावी. लेखी परवाना-करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून करारात एक लिहून आता तोंडी दुसरेच सांगितले तर ते टिकणे फार अवघड असते. आणि शपथेवर खोटे तर कदापि लिहू नये. खोट्या प्रतिज्ञापत्राने घर वाचत नाही, उलट फौजदारी मागे लागते.

एका कडू प्रश्नाचे उत्तरही दिले पाहिजे. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर पाहिली, आम्ही कोण ते कळले, म्हणून मालकास आता आम्ही नकोसे झालो, असे पुष्कळ जण सांगतात. ते बहुधा खरेच असते. परंतु मुदत संपलेली असेल तर मालकाच्या मनातील हा विटाळ या अर्जास कायदेशीर उत्तर ठरत नाही, हे आम्ही जड अंतःकरणाने सांगतो. त्या अपमानासाठी निराळी दारे आहेत. १९५५ चा नागरी हक्क संरक्षणाचा कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधाचा कायदा आहे. आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांसही अनुसूचित जातींच्या संरक्षणात घेतलेले आहे. घडलेली गोष्ट त्या कायद्यांत बसत असेल तर जरूर फिर्याद करावी. मात्र एका कचेरीतील तक्रार दुसऱ्या कचेरीतील मुदत थांबवीत नाही. फिर्यादीच्या आवेशात तीस दिवस निघून जाऊ देऊ नका.

समन्स नाकारून सुटका होईल, हा दुसरा भ्रम. रजिस्टर टपाल घेण्यास नकार दिला आणि पोस्टमनने तसा शेरा मारून ते परत पाठविले, तर समन्स लागले असे समजून अधिकारी पुढे जाऊ शकतो. म्हणजे दार लावून घेणाऱ्याने फक्त वाचण्याची संधी गमावली. कागद घ्या, त्यावर मिळाल्याची तारीख स्वतःच्या हाताने टाका, आणि त्या तारखेपासून दिवस मोजा. शक्य तर पहिल्या आठवड्यातच वकिलाकडे जा. फीचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस मोफत वकील मागण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. जातीचा दाखला आणि समन्स घेऊन तेथे जावे.

हुकूम झाल्यावर काय उरते, तेही सांगतो, म्हणजे मुदतीचे मोल कळेल. ताब्याच्या हुकुमावर अपील नाही. नव्वद दिवसांच्या आत पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो, आणि त्यापुढे संविधानाच्या २२७ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाची देखरेख आहे; परंतु त्या वाटा खर्चाच्या आहेत, आणि जे आपण प्रथम मांडलेच नाही ते तेथे मांडणे कठीण होते. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा जाईपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाईची जबाबदारी येते. महिना आठ हजार देत असाल तर सोळा हजारांचा हिशेब होतो. खरोखर काही उत्तर नसेल, तर उगीच ताणून धरण्यापेक्षा मालकाशी लेखी मुदत ठरवून सन्मानाने घर सोडणे शहाणपणाचे आहे, हा सल्लाही आम्ही देऊन ठेवतो.

परंतु खरी तयारी समन्साच्या वेळची नव्हे, कराराच्या वेळची. ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा परवान्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, हा समज या कायद्यापुढे खोटा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पैसे द्याल त्याची पावती घ्या, किंवा बँकेतून द्या. जो मालक म्हणवितो तो मालक आहे काय, हे घरपट्टीच्या किंवा सोसायटीच्या कागदावरून पाहा. करारात पतीबरोबर पत्नीचेही नाव घाला. करारात ज्याचे नाव नाही, त्याचा कोणताही दावा हा अधिकारी विचारात घेत नाही. नवरा घर सोडून गेला, आणि वर्षानुवर्षे त्या घरात राबणाऱ्या बाईस अधिकाऱ्यापुढे उभे राहण्यासही जागा नाही, असे होऊ देऊ नका.

१९१७ साली परदेशातून मोठी विद्या घेऊन आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना कोणी घर दिले नाही. ते एका पारशी वसतिगृहात राहिले. ते कोण आहेत हे कळताच हाती काठ्या घेतलेली माणसे त्यांच्या खोलीच्या दाराशी आली. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली. ती मिळाली नाही, आणि त्याच संध्याकाळी त्यांस जागा सोडावी लागली. तेथे समन्स नव्हते, प्रतिज्ञापत्र नव्हते, ऐकणारा अधिकारीही नव्हता. आज तीस दिवस आहेत. ते थोडे आहेत, हे आम्ही वर म्हटलेच आहे. पण ते आहेत.

म्हणून आमची प्रत्येक विहाराच्या मंडळास विनंती आहे की, वंदनेसाठी लोक जमतात त्या दिवशी अर्धा तास कागद वाचण्यासाठी ठेवावा. शिकलेल्या एका तरुणाने किंवा तरुणीने बसावे. ज्याच्या घरी काही कागद आला असेल त्याने तो आणावा. त्यावरील तारीख मोठ्याने वाचावी आणि शेवटचा दिवस कोणता ते तेथल्या तेथे भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करून सांगावे. यास वकिलाची सनद लागत नाही. आणि तुम्ही, हे वाचणारे आमचे बंधू-भगिनी, आज रात्री जेवणे आटोपली म्हणजे ती पत्र्याची पेटी उघडा आणि आपल्या घराचा करार केव्हा संपतो ते एकदा पाहून घ्या.